मी, डबे हुडकणारी पिवळी व्हॅन

मित्रांनो, माझे वय एकोणीस वर्षे. गाड्यांमध्ये हे पणजीचे वय समजतात. माझ्याबरोबर कारखान्यातून बाहेर पडलेल्या बहिणींपैकी बहुतेक जणी केव्हाच मोडीत निघाल्या. मी मात्र आजही दर रविवारी पहिल्याच किल्लीला सुरू होते, आणि हे मी मान ताठ ठेवूनच सांगते. रंग मोहरीसारखा पिवळा, एका बाजूला सरकते दार आणि ते सरकताना होणारा असा खणखणीत आवाज, की गल्लीच्या टोकाला कळावे.

माझी पहिली नऊ वर्षे एका बेकरीत गेली. उजाडता उजाडता माझ्या पोटात पावाचे ट्रे रचले जायचे आणि मी दुकानादुकानांतून हिंडायचे. बेकरीवाले काका अभिमानाने म्हणायचे, "आपल्या पिवळीनं एकाही गिऱ्हाइकाला शिळा पाव खाऊ घातला नाही." पुढे बेकरी वाढली, मोठा टेम्पो आला आणि मला विकायला काढले. मला विकत घेतले ते एका ताईने.

ही ताई विजेची कामे करते. घरांचे वायरिंग, बंद पडलेले पंखे, जळलेले फ्यूज. गिऱ्हाइके तिला 'वायरवाली ताई' म्हणतात. पावाच्या ट्रेंच्या जागी माझ्या पोटात वायरची भेंडोळी, शिडी आणि अवजारांची लोखंडी पेटी आली. ताई आणि तिचे बाबा असे दोघेच घरात. बाबा मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. त्यांच्या हाताची रेघ छापल्यासारखी यायची असे लोक सांगतात. पण काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली. मी घरी आले तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. ते दिवसभर खिडकीशी बसायचे. ताईने काही विचारले तर 'हो' किंवा 'नाही', आणि तेवढ्यावर संपले.

एके दिवशी ताई रस्त्यावरच्या एका खांबाशी काम करत होती. खांबामागे तिला एक इवलासा डबा चुंबकाने चिकटवलेला दिसला. तिला वाटले, कुणीतरी वायरिंगमध्ये काहीतरी लुडबुड केली आहे. उघडून पाहते तर आत कागदाची सुरळी, आणि तिच्यावर माणसांची नावे आणि तारखा. तिने कागदावर छापलेली माहिती वाचली आणि घरी आल्यावर बाबांना सांगितली. माझे दार उघडेच होते आणि त्यांची खिडकी माझ्या अगदी शेजारी, म्हणून मी सगळे ऐकले.

"बाबा, हा एक खेळ आहे. जगभर खेळतात. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर सगळ्यांना सांगतं. बाकीच्यांनी तिथं जायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तस्सा परत ठेवायचा."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "अक्षांश किती दिलेत?"

ताईने फोनवर बघून आकडे वाचले. बाबांनी ते पुन्हा म्हणून पाहिले आणि म्हणाले, "दशांशाच्या पाचव्या घरापर्यंत? अगं, मग हे जवळजवळ नेमकं झालं. दुसरा डबा कुठं आहे, बघ बरं."

मित्रांनो, कित्येक महिन्यांत ते एका दमात एवढे बोलले नव्हते. पुढच्याच रविवारी ते माझ्या पुढच्या सीटवर बसले, आणि तेव्हापासून मी पावाची किंवा वायरीची राहिले नाही. मी डबे हुडकणारी गाडी झाले.

आमची पद्धत ठरून गेली. फोन मोठ्याने अंतर सांगायचा. बाबा मनातल्या मनात नकाशा उलगडायचे आणि म्हणायचे, "पुढं नाला असणार. पुलावरून डावीकडं घे." ताई गाडी हाकायची. जिथे रस्ता संपायचा तिथे मी थांबायचे आणि ते दोघे चालत पुढे जायचे. फोनची अक्कल शेवटच्या पाच-सात पावलांवर संपते. तिथून पुढे बाकीचे लोक डोळ्यांनी शोधतात. बाबा हातांनी शोधायचे. बाकावरचा एखादा बोल्ट नुसताच चिकटवलेला असला, तर तो त्यांच्या बोटांना लगेच कळायचा. झाडाची साल खरी की रबराची, तेही कळायचे. कागदावर नाव मात्र ताई लिहायची. वळणदार अक्षराचा माणूस वाकडेतिकडे लिहायला तयार नव्हता.

परत आल्यावर बाबा माझे दार धडाम् करून सरकवायचे आणि ओरडायचे, "सापडला गं, पिवळे!" हे ते मला म्हणायचे, दुसऱ्या कुणाला नाही.

आता माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस सांगते. शहराबाहेरच्या टेकडीवर एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिथे एका म्हाताऱ्या पाथरवटाने एक डबा लपवला होता. चार वर्षे झाली, तो कुणालाही सापडला नव्हता. एका रविवारी बऱ्याच जणांनी मिळून तिथे जायचे ठरवले. टेकडीच्या पायथ्याशी आम्ही पोचलो तेव्हा तिथे पाच दांडग्या गाड्या उभ्या होत्या. उंच चाके, टपावर दिवे, चारही चाकांना जोर. त्यांच्यातल्या एका दाढीवाल्याने मला पाहिले आणि तो हसू लागला.

"ताई, वर पाव पोचवायचेत का? ही गाडी चढायची नाही हो. काकांना इथंच सावलीत बसवा."

ताईचा चेहरा पडला. बाबा शांतपणे म्हणाले, "काका सावलीत पुष्कळ बसलेत. चल गं."

दांडग्या गाड्या भराभर वर गेल्या. मीही निघाले. अर्ध्या चढावर खडी आली आणि माझी मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. धुरळा उडाला. मी हातभर मागे घसरले. खरे सांगते, त्या क्षणी मला वाटले की आता आपली शोभा होणार. ताईने हँडब्रेक ओढला. "बाबा, आपण इथूनच फिरू या. नाही जमणार."

बाबा कान देऊन ऐकत होते. "चाकं पकडत नाहीत, एवढंच. इंजिन कुठं रडतंय? हिचा सगळा जोर मागच्या चाकांत आणि मागचं पोट हलकं. चाकांना अडण लाव, आणि मागं वजन टाकू."

ताईने चाकांमागे दगड लावले. मग दोघांनी मिळून रस्त्याकडेचे धोंडे उचलून माझ्या पोटात भरले. बाबा पायाने चाचपून धोंडा शोधायचे आणि ताईच्या हातात द्यायचे. तीस-चाळीस धोंडे झाल्यावर ताई पहिल्या गिअरमध्ये हळू, अगदी हळू निघाली. या वेळी चाकांनी खडी धरली. मी एकदाही न थांबता माथ्यावर पोचले. वर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळे जण शोधण्यात गुंतले होते. पण माझ्या रेडिएटरमधले पाणीसुद्धा अभिमानाने उकळत होते, असे म्हटले तर हसू नका!

खाणीच्या तळाशी कामगारांच्या जुन्या खोलीची एक लांबलचक दगडी भिंत उभी होती. फोनचा बाण तिथे येऊन थांबत होता. मी काठावरून सगळे पाहत होते. दोन तास झाले, लोकांनी फटी तपासल्या, गवत उपसले. शेवटी घामाघूम होऊन ते बाजूला बसले. बाबा भिंतीपाशी गेले. एका टोकापासून त्यांनी दगडांवर दोन्ही तळहात टेकवत जायला सुरुवात केली. एक रांग झाली, दुसरी झाली. दाढीवाला पाणी पीत पाहत होता. तिसऱ्या रांगेत बाबा थबकले. हात काढून त्यांनी शेजारच्या दगडाला लावला, मग पुन्हा त्यालाच.

"हा गार नाही," ते म्हणाले.

"काय?" ताईने विचारले.

"सावलीतला दगड आहे. त्याचे शेजारी सगळे गार लागतात. हा नाही. हा दगडच नाही बघ."

ताईने स्क्रू पिळायचा पेचकस कडेने घातला आणि तो 'दगड' अलगद हातात आला. सिमेंटचा, आतून पोकळ, पण घाव, रंग, शेवाळ सगळे हुबेहूब. पाथरवटाने चार वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांना फसवले होते. आत एक वही होती. पहिले पान कोरे. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्याने लिहिले होते, 'ज्याने माझ्या दगडांना हात लावला, त्यालाच हे मिळेल.'

ताई वाचताना अडखळली. बाबा म्हणाले, "आण ती वही. आज मी लिहितो."

ताई धावत माझ्याकडे आली. बल्बच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तिने त्यात एका ओळीएवढी आडवी खिडकी कापली. पुठ्ठा वहीवर ठेवला. त्या खिडकीच्या आत बोटाने अंदाज घेत बाबांनी लिहिले, 'नकाशेवाला, मुलगी आणि पिवळी.' एक अक्षर ओळीबाहेर गेले नाही.

दाढीवाला उठून जवळ आला. "काका, मघाशी मी जे बोललो..."

"गाडीला बोललास," बाबा म्हणाले. "तिची माफी माग."

आणि मित्रांनो, त्या दांडग्या माणसाने खरोखर वर माझ्यापाशी येऊन बोनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "चुकलं, बाई." उतरताना त्याने स्वतः माझ्या पोटातले धोंडे उतरवून घेतले.

एवढ्या मानानंतर वाईट दिवस येतील असे मला वाटले नव्हते. पण ताईचे काम वाढले, आणि तिने एक नवी, विजेवर चालणारी गाडी घेतली. विजेची कामे करणारीला ते शोभतही होते. मी मागच्या बोळात भिंतीला टेकून उभी राहिले. आठवडे गेले, महिने गेले. बॅटरी उतरली. चाकांतली हवा गेली आणि मी एका अंगावर कलले. उंदरांनी सीटचा कापूस काढला. आजारापेक्षा नुसते उभे राहणे वाईट असते, हे मला तेव्हा कळले.

पण एक गोष्ट विचित्र होती. नवी गाडी आल्यापासून बाबांचे रविवार बंद झाले होते. कधी गुडघा दुखतोय, कधी सर्दी झालीय. ताईला आधी खरे वाटले. अकरा महिन्यांनी मात्र तिचा बांध फुटला. बोळाकडच्या खिडकीतून तिचा आवाज आला.

"बाबा, तुमच्यासाठी एवढी आरामाची गाडी घेतली! आणि तुम्ही पुन्हा खिडकीत बसलात. काय झालंय ते तरी सांगा!"

"काही नाही गं."

"बाबा."

मग त्यांनी सांगून टाकले. "तुझ्या त्या गाडीच्या दाराची मूठ आत दडलेली असते. मला ती सापडत नाही. गाडी सुरू झाली तरी आवाज नाही. ती कुठं उभी आहे, हेच मला कळत नाही. मी रस्त्यात हात फिरवत उभा राहतो. कुणीतरी येतं आणि दार उघडून देतं. अगं, मी चार वर्षं लपलेला डबा शोधला, आणि मला माझ्याच गाडीचं दार सापडू नये?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू इतक्या हौसेनं आणलीस ना."

ताई तडक बोळात आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. बाहीने तिने माझ्या काचेवरची धूळ पुसली. "आणि मी तुला इथं टाकून दिलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाले मामा आले. त्यांनी आधी तोंड वाकडे केले. "ताई, हिला काय करायचंय? भंगारात द्या." मग त्यांनी बोनेट उघडले, वाकून पाहिले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. "इंजिन मात्र पोलाद आहे हो," ते पुटपुटले. तीन आठवडे ते माझ्याशी झटले. नव्या वायरी ताईने स्वतः घातल्या. सीट पुन्हा शिवून आणली. गंज खरवडून मोहरीचा रंग दिला. आणि किल्ली फिरल्याबरोबर मी असा आवाज केला की बाबा अनवाणीच बाहेर आले. थेट माझ्या दारापाशी. कुणाचाही हात न धरता.

आता नवी गाडी रोजच्या कामाला जाते आणि रविवार माझा असतो. माझा तिच्यावर राग नाही. ती तिच्या कामाची, मी माझ्या. आणि रविवारी मी नुसती दोघांना घेऊन जात नाही. बाबांसारख्या नजर गेलेल्या सात जणांचा एक गट झाला आहे. बाबा त्यांना हातांनी शोधायला शिकवतात.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी सायकल, स्कूटर, गाडी असेल. तिला नुसती उभी ठेवू नका. हवा भरा, तेल बघा, कधीतरी चक्कर मारून आणा. आणि नवे काही आणाल, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला ते वापरता येते का, हे विचारायला विसरू नका. आम्ही काही मागू शकत नाही. घरातली माणसेही पुष्कळदा मागत नाहीत.

गेल्याच रविवारी गटात एक नवी बाई आली. शिवणकाम करायची. नजर गेल्यापासून वर्षभर घराबाहेर पडली नव्हती. तिचा भाऊ तिला आमच्यापर्यंत पोचवून गेला आणि ती रस्त्याकडेला अंग चोरून उभी राहिली.

"गाडी कशी दिसते तुमची?" तिने भीत भीत विचारले.

"मला काय माहीत?" बाबा हसून म्हणाले. "मीही पाहिलेली नाही. तुम्हीच बघून सांगा."

तिने हात पुढे केला. बोनेट, काच, दाराची मूठ, सरकत्या दाराची खाच, सगळे शिवणीवरून बोट फिरवावे तसे तिने सावकाश चाचपले. पूर्ण फेरी मारून ती पुन्हा पुढे आली, तेव्हा तिचे खांदे सरळ झाले होते.

"जुनी आहे," ती म्हणाली. "पण कुणाची तरी लाडकी आहे."