हौसेचं मशीन

जप्तीला गेलो की लोक मला यमदूत समजतात. समजोत बापडे. मी कोर्टाचा बेलीफ, हुकूम असेल तेवढंच उचलतो. आणि कायदा माझ्यापेक्षा मऊ आहे. अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि ज्या हत्यारावर घराचं पोट चालतं ते हत्यार, यांना हात लावायचा नाही.

त्या दिवशी जप्ती धाकट्या भावाकडे होती आणि थकलेल्या कर्जापायी हुकूम थोरल्याने आणला होता. सख्खे भाऊ! जिन्यातच थोरला माझ्या कानाला लागला. "साहेब, शिलाई मशीनचं त्यालाच विचारा. दार उघडं ठेवून, चारचौघांत."

घरात उचलण्याजोगं फारसं नव्हतंच. कपाटाचं दार दोरीने बांधलेलं. खिडकीशी मात्र मोटर लावलेलं भारी मशीन होतं आणि पलंगाखाली कपड्यांचा ढीग, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी टाचलेली. घर कोण चालवतं ते आंधळ्यालाही कळलं असतं. चार वर्षं बेकार असलेला धाकटा इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर बसला होता. मशीनची पावती त्याच्या नावावर होती.

"या मशीनवर घर चालतं का?" मी विचारलं.

दारातल्या शेजाऱ्यांकडे बघत तो म्हणाला, "बायकोच्या जिवावर जगणारा वाटलो का मी? हौस आहे तिची."

शेजारणींनी माना खाली घातल्या. पलंगाखाली त्यांचेच कपडे होते.

मी त्याच्या बायकोकडे वळलो. "वहिनी, तुम्ही सांगा."

"सांग की," तो खेकसला. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस?"

"हौसच आहे," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. 'हो म्हणा, मग मला नेता येणार नाही,' एवढं सांगितलं असतं तर मशीन वाचलं असतं. नाही सांगितलं. मरा तिकडे, म्हटलं. पंचनाम्यात लिहिलं: शिलाई मशीन, एक, हौसेचं. दोघांच्या सह्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ती कोर्टात आली. "पोटासाठीच शिवते हो मी. आता तसं लिहा ना!"

"ही सही कुणाची?" मी विचारलं. तिने आपल्याच सहीवर बोट ठेवलं. हरकतीचा अर्ज करा म्हटलं, तर पावती नवऱ्याच्या नावावर, म्हणून त्यावर सही त्याचीच हवी होती. ती त्याने केली नाही.

लिलावात थोरल्याने मशीन कवडीमोलाने घेतलं. आता ते त्याच्या ओसरीवर आहे आणि त्यावर ती रोजाने शिवते. शेजारणी कपडे तिथेच आणून टाकतात. अर्धी मजुरी कर्जात वळती होते. उरलेली घ्यायला धाकटा संध्याकाळी कोपऱ्यावर उभा असतो, शर्टाला इस्त्री तशीच कडक. परवा मला बघून स्वतःच म्हणाला, "घरात बसून कंटाळते हो. हौसेने जाते."