पायथ्याची गंगा

मी बांध बोलतोय. साधा मातीचा बांध. कुंभकोणमहून साक्कोट्टैच्या वाटेला लागलात की पानमळ्यांच्या मागे एक तळं दिसतं, राजगोपालचं. ते ज्याच्या जिवावर उभं आहे तो मी. लोक येतात, माझ्यावर उभे राहून कमळांचे फोटो काढतात आणि जातात. माझा फोटो आजवर कुणी काढला नाही, आणि एरवी मी तक्रारही केली नसती. पण आता मला गप्प बसवत नाही.

राजगोपालच्या पूर्वजाला तंजावरच्या मराठा दरबारातून ही जमीन मिळाली, तेव्हा माझा जन्म झाला. बायकांनी टोपल्यांनी काळी चिकणमाती वाहून आणली, बैलांनी ती तुडवली आणि थरावर थर देत मला उभं केलं. पाण्याकडच्या अंगाला दगड बसवले. एका टोकाला सांडवा ठेवला, म्हणजे तळं भरलं की जास्तीचं पाणी त्या वाटेने ओढ्याला जावं. तो पूर्वज फार शिकलेला नव्हता, पण पोटात मावेल तेवढंच वाढावं हे त्याला ठाऊक होतं.

मग पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. घरातली मराठी तीच राहिली, जुनी, तमिळ शब्द मिसळलेली. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की ही माणसं सरळ तमिळ बोलू लागतात. पावसाळ्याआधी दर वर्षी माझी डागडुजी व्हायची. घुशींची बिळं बुजवायची, झुडपं उपटायची, नवी माती चोपायची. मळ्यात विजेचा पंप आला आणि ते सगळं बंद पडलं. गरज सरो, वैद्य मरो. मीही म्हटलं, असू दे, म्हातारपणी कोण कुणाला विचारतं!

पुढे पंपाचं पाणी मचूळ झालं, तेव्हा राजगोपालला तळं आठवलं. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगतो. विड्याच्या पानांच्या वेली तो लेकींसारख्या जपतो. पान तोडतानासुद्धा त्याचा हात हलका असतो. पण सांडव्यावरून वाहून जाणारं पाणी बघितलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा. पंगुनी महिन्याच्या उन्हात हेच पाणी वेलींना लागेल, असं तो म्हणायचा. म्हणून त्याने सांडव्यात जाड फळ्या ठोकल्या आणि फटींत माती लिंपली. तेव्हापासून पाऊस पडला की तळं माझ्या गळ्यापर्यंत चढतं आणि त्याला जायला वाट नाही.

त्यातच माझ्या अंगावरचं ताडाचं झाड वादळात पडलं. बुंधा तोडून नेला, मुळं तशीच राहिली. ती आतल्या आत कुजली आणि त्यांच्या जागी पोकळी झाली. पाण्याला तेवढं पुरतं. ते शोधत शोधत माझ्या पोटातून आरपार आलं आणि एके सकाळी पानमळ्याच्या कडेला, माझ्या पायथ्याशी, झुळझुळू लागलं.

ते प्रथम पाहिलं राजगोपालच्या बायकोने, अंबुजाने. आता इथली माणसं कशी आहेत ते तुम्ही समजून घ्या. या गावच्या कुंडात बारा वर्षांनी साऱ्या नद्या येतात, हे ऐकतच इथली पोरं मोठी होतात. त्यामुळे जमिनीतून पाणी वर आलं की ते कुठून आलं असं इथे कुणी विचारत नाही. कोणती नदी आली, एवढंच विचारतात. अंबुजाने पदर पसरला आणि म्हणाली, गंगा माहेराला आली.

त्याच आठवड्यात तिच्या सुनेला, लावण्याला, दिवस गेल्याचं कळलं. लावण्याचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. तिरुक्करुगावूरच्या अंबेला नवस झाले होते, तिथलं तूप घेऊन झालं होतं. नवरा विघ्नेश बंगळुरूला नोकरीला, ही इथे सासूसासऱ्यांपाशी. अंबुजाने दोन्ही गोष्टींची सांगड घातली आणि मग तिला कोण अडवणार? झऱ्याभोवती विटांचं कोंडाळं झालं, हळदकुंकू आलं, दिवा आला. रोज सकाळी लावण्याने तिथे बसायचं, चंबू भरून घ्यायचा, पाणी डोळ्यांना लावायचं.

माझी जखम ती, आणि तिची पूजा चालली होती. हसावं की रडावं मला कळेना. तरी पाणी निवळ होतं तोवर मला धीर होता. निवळ पाणी म्हणजे नुसतं पाझरणं.

ऐप्पसीचा महिना लागला, ईशान्येकडून पाऊस आला आणि तळं तुडुंब झालं. त्या दाबाने माझी आतली माती सुटू लागली. बांधाला तोंड नसतं हो. ओरडायचं म्हणजे त्याला एकच येतं, पाणी गढूळ करायचं. मी ओरडलो. जिवाच्या आकांताने ओरडलो. झऱ्याचं पाणी काळसर झालं, दाट झालं.

अंबुजाने ते पाहिलं आणि तिचं तोंड आनंदाने फुललं. आडी महिन्यात कावेरीला गढूळ पाणी येतं तेव्हा तिला डोहाळे लागले असं इथे म्हणतात, तिला चित्रान्नाचा नैवेद्य दाखवतात. मग गंगेलाही लागले असतील. घरची सून गरोदर, दारची गंगा गरोदर. तिने तिथल्या तिथे ठरवलं की लावण्याचं डोहाळजेवण या झऱ्यापाशीच करायचं. माझ्या पायथ्याशी मांडव पडला. साऱ्या गावातल्या बायकांना आमंत्रणं गेली. उद्या त्या सगळ्या, लेकरंबाळं घेऊन, माझ्या खाली पंगतीला बसणार आहेत.

मला हे सहन होत नाही. एखाद्याने मला दोन शिव्या देऊन माझ्या पोटातल्या भोकात पाचर ठोकली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

ओळखलं ते लावण्यानेच. चंबूच्या तळाशी रोज गाळ बसायचा आणि रोज थोडा जास्त बसायचा. तिने तो बोटांत चोळून पाहिला. मळ्यातली माती तांबूस, भुसभुशीत. ही काळी आणि चिकट. ती सावकाश माझ्यावर चढली. पलीकडे तळ्यात, ताडाच्या खुंटासमोर, पाणी एका जागी गरगर फिरत होतं. ती बराच वेळ त्या भोवऱ्याकडे बघत राहिली. मग माझ्या अंगावर तळहात ठेवला. इतक्या वर्षांत माझी विचारपूस पहिल्यांदा झाली.

तिने सासऱ्यांना सांगितलं. राजगोपाल म्हणाला, पाऊस थांबला की पाणी निवळेल. सासूला सांगितलं तर तिने कानांवर हात ठेवले. पोटुशीने देवाविषयी वेडंवाकडं बोलू नये म्हणाली. विघ्नेश फोनवर म्हणाला, उद्या येतोच आहे, बघू.

आज दुपारपासून पाऊस थांबलेला नाही. मांडवाचं कापड झोळीसारखं लोंबतंय. आणि आत्ता लावण्या छत्री न घेता आली आहे आणि झऱ्याजवळच्या चिखलात मांडी घालून बसली आहे. तिच्या मागोमाग सासूसासरे दोघंही धावत आले.

"लावण्या, ऊठ. भिजतेस," राजगोपाल म्हणाला.

"मामा, सांडव्याच्या फळ्या काढा. मग उठते."

"काढल्या तर पंगुनीत वेली करपतील. मी पाणी कोठून आणू?"

ती सासूकडे वळली.

"अत्तै, गंगा आपल्या घरी माहेराला आली मणून तुम्हीच सांगितलंत. मग माहेरवाशीण निघाली तर दाराला अडसर लावतात काय?"

तेवढ्यात कोंडाळ्याची एक वीट खचली आणि दिव्यासकट आत गेली. काळ्या मातीचं एक ढेकूळ वर आलं, फुटलं आणि पाण्याबरोबर वाहून गेलं. माझा तो लचका होता. अंबुजाने चिखलात बसून झऱ्याला कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या.

"सांभाळून जा, माय. पुन्हा ये," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "काढा."

उभ्या जन्मात तिने त्याला हुकूम केलेला मी ऐकला नव्हता. राजगोपाल पहार घेऊन सांडव्याकडे पळाला आहे. अंबुजा मात्र उठली नाही, सुनेचा हात धरून तिच्याशेजारी बसली आहे. फळ्या निघाल्याशिवाय सून उठणार नाही आणि सुनेला सोडून ती उठणार नाही.

अगं पोरींनो, उठा गं. तुमचा हट्ट मला कळला, त्यालाही कळला. आता उठा.

वरची फळी निघाली. पाणी सांडव्यातून घोंघावत निघालं आहे, तो आवाज मी किती वर्षांनी ऐकतोय! पण तेवढ्याने भागणार नाही. खालच्या फळ्या फुगून बसल्यात, हलत नाहीत. माझ्या पोटातली वाट मिनिटागणिक रुंद होते आहे. उरलेली माती मी आवळून धरली आहे. बैलांनी तुडवलेली, त्या बायांनी डोक्यावरून वाहिलेली. आणखी किती वेळ धरवेल, देवाशपथ मला माहीत नाही.

राजगोपाला, मार पहार. वेलींचं पंगुनीत बघू. माझ्या पाठीशी तुझं सगळं तळं आहे, आणि पायथ्याशी तुझी माणसं बसली आहेत.