तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधला

वरखालीमामांची लिफ्ट जुन्या बनावटीची होती. बटणांची नव्हे, पितळी दांड्याची. दांडा उजवीकडे ओढला की वर, डावीकडे ओढला की खाली, मध्ये सोडला की जागच्या जागी. दारं दोन, दोन्ही जाळीची: एक मजल्याचं, एक पिंजऱ्याचं. दोन्ही किंचित उचलून ओढायची, खट असा आवाज यायला हवा. दोन्ही दारं खट वाजल्याशिवाय ती लिफ्ट तसूभर हलत नसे, मग आत खुद्द इमारतीचा मालक का उभा असेना. मजल्याचं दार बाहेरूनही लावता येई. पिंजऱ्याचं मात्र आत बसलेल्यालाच. एवढं मात्र ध्यानात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

मामांचं अवघं आयुष्य त्या पिंजऱ्यात वरखाली करण्यात गेलं, म्हणून हे नाव. दुपारी सगळी ऑफिसं डबे उघडून बसली की मामा लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध नेऊन थांबवत. समोर कोरी भिंत. वरच्याला वाटे मामा खाली आहेत, खालच्याला वाटे वर आहेत. तिथे स्टुलावर बसून मामा डबा फस्त करत, आणि ज्यात तळलेलं काही नाही त्याला ते डबा म्हणतच नसत. त्यावर थर्मासमधला कडक चहा, मग पाय लांब करून, टोपी तोंडावर ओढून, मागच्या फळीला रेलून ताणून दिलेली झोप. गणवेशाचा पट्टा शेवटच्या भोकात आवळलेला तसाच. सैल पट्ट्याचा लिफ्टमन आणि सैल दोराची लिफ्ट, मामांना दोन्ही सारखीच नामंजूर.

अशा झोपेचं जे व्हायचं तेच झालं. छातीत जळजळ, करपट ढेकर, वाकलं की घशाशी आंबट पाणी. आवाज असा घोगरा झाला की ‘चौथा मजला’ म्हणताना लोकांना वाटे दारच करकरतंय. मामांचं उत्तर ठरलेलं असे: "ते काय, रोजचंच आहे. सोडा प्यायला की खाली जातं."

मग एके दिवशी घास छातीतच अडकला आणि उतरेना. दवाखाना चौथ्या मजल्यावरच होता. तिथल्या डॉक्टरीणबाई रोज मामांच्याच लिफ्टने वर जायच्या, त्यांनी या खेपेला मामांचं काही चालू दिलं नाही. घशातून दुर्बीण घातली, आणि नंतर त्यांना समोर बसवून सांगितलं की जठराच्या तोंडाशी एक झडप असते, तुमची नीट लागत नाही, म्हणून आतलं आम्ल वर येतं.

"म्हणजे खट वाजत नाही," मामा म्हणाले.

"नाही वाजत. आणि अन्ननळीच्या खालच्या टोकाला आतलं अस्तर पोत बदलायला लागलंय. तिथला तुकडा काढून तपासला, आज घाबरण्यासारखं नाही. पण असंच भाजत राहिलं तर पुढचं मी सांगू शकत नाही. सहा महिन्यांनी परत बघू. तोवर सगळं तुमच्या हातात."

मामा कामाला लागले. सकाळी अनशेपोटी गोळी, मग अर्ध्या तासाने न्याहारी. तळण गेलं, कडक चहा गेला, पट्टा दोन भोकं मागे आला. बायकोने पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा सारल्या. तुमचं आम्ल खाली राहतं की नाही ठाऊक नाही, ती म्हणाली, मी मात्र रोज सकाळी पायथ्याशी सापडते. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नव्हतं, म्हणून मामा लिफ्ट तळमजल्यावर लावून मागच्या आवारात बाकावर जेवायचे आणि इमारतीला फेऱ्या मारायचे.

महिनाभरात जळजळ निवली. आवाज इतका मोकळा झाला की लोक लिफ्टमध्ये वळून बघायला लागले.

अशाच एका दुपारी मामा फेरी मारून आले, तर वॉचमन गालात हसत म्हणाला, "मामा, औषधाने झोप फार येते का हो? तिसऱ्याच्या वर लिफ्ट अडकवून केवढे घोरत होतात."

मामाही हसले. वॉचमन जागच्या जागी पेंगणारा गडी, त्याला काहीही ऐकू येईल. पण दुसऱ्या दिवशी ते फेरी मारायला गेले नाहीत. जेवण करून जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेले आणि दाराच्या जाळीशी उभे राहिले.

इमारत चिडीचूप. कुठे तरी एक चमचा पडला. मग दोर थरथरले आणि खालून लिफ्ट येऊ लागली. आधी पिंजऱ्याचं छत आलं, मग तोंडावर ओढलेली टोपी, मग शेवटच्या भोकात आवळलेला पट्टा, त्याखाली लांब केलेले पाय, आणि सगळ्यात शेवटी बूट. डाव्या बुटाची टाच आतल्या बाजूने झिजलेली, जशी मामांची होती, आत्ता त्यांच्या पायात होती तशीच. लिफ्ट वर सरकली आणि मधोमध थांबली. तळणाचा खमंग वास खाली उतरला, आणि त्यामागून घोरणं.

पिंजऱ्याचं दार आतून लागलं होतं, नाहीतर लिफ्ट हललीच नसती. मामांना घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना वाटला तो हेवा. आपण बिनमिठाच्या उकडलेल्या भाज्या गिळायच्या, आणि हा लेकाचा आपल्याच जागी, आपल्याच बुटांत मजा मारतोय.

त्या हेव्यातूनच पुढचं घडलं. मामांनी गोळी सोडली. बायकोला सांगितलं, घेतली. स्वतःला सांगितलं, बिजागरीची कुरकुर थांबल्यावर तिला रोज तेल कोण घालतं? घरी गुपचूप एक वाटी तळणही मागवून खाल्लं. दोन-तीन दिवस काही झालं नाही. मग जळजळ परत आली, ती पहिल्याहून दामदुप्पट.

आणि लिफ्ट खाली यायला लागली. आधी दुपारची ती बरोबर तिसऱ्या मजल्यावर थांबली. मग दुसऱ्या. मग पहिल्या. रोज एक एक मजला, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी सावकाश.

ज्या दुपारी ती तळमजल्यावर आली, त्या दुपारी मामा समोरच बाकडं टाकून बसले होते, छाती चोळत. आतलं दार सरकलं, मग बाहेरचं. स्टुलावरच्याने टोपी वर केली. चेहरा मामांचाच, फक्त जास्त गुबगुबीत, जास्त तुकतुकीत. तो स्टुलावर थोडा सरकला.

"बस," तो त्या जुन्या घोगऱ्या आवाजात म्हणाला. "अर्धा डबा तुझ्यासाठी ठेवलाय."

डबा गरम होता. वाफ दिसत होती. मामांनी एक पाय आत टाकला. आणि सवयीने, उंबरा आणि पिंजरा यांच्या फटीत खाली बघितलं, कारण लोकांच्या किल्ल्या तिथेच पडतात. खालच्या खड्ड्यात काही तरी पिवळं चमकत होतं. बुडबुडत होतं. बघता बघता बोटभर वर आलं. त्याचा आंबट वाफारा नाकात गेला, आणि पिंजऱ्याची कड जिथे तिथे गंजून फुलली होती.

"खाली काय आहे?" मामांनी विचारलं.

"ते काय, रोजचंच आहे," तो म्हणाला. "सोडा प्यायला की खाली जातं."

म्हणताना त्याला खोकला आला. तोंड उघडलं तेव्हा आत अंधार नव्हता. खड्ड्यातली तीच पिवळी चमक घशापर्यंत आलेली होती. त्याला त्याचा पत्ता नव्हता. तो डबा पुढे करून, मायेने, वाट बघत होता.

मामांनी पाय मागे घेतला. मजल्याचं दार किंचित उचललं आणि ओढलं. खट.

मग ते जिन्याने चार मजले चढले, प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकत. डॉक्टरीणबाईंना त्यांनी गोळीचं सांगितलं, बाकीचं नाही. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मामा, माणसं एकदा सुखरूप वर पोचली, की पुढच्या फेरीला दार उघडं ठेवता का?"

"असं कसं? प्रत्येक फेरीला लावावं लागतं."

"मग? गोळी कमी करायची की थांबवायची ते बघून मी सांगेन. तुम्ही एकदम सोडलीत, म्हणून आम्ल असं उसळलं."

तेव्हापासून गोळी चुकली नाही, विटा हलल्या नाहीत. रोज दुपारी मामा मजल्याचं दार बाहेरून लावायचे, आणि थोड्या वेळाने आतलं दार धाडकन आदळायचं. लिफ्ट रुसल्यासारखी वर जायची. ती परत मधोमध थांबायला लागली, आणि घोरण्यात आता मधूनच ठसका असे.

सहा महिन्यांनी दुर्बिणीत दिसलं की आम्लाने भाजून झालेले व्रण भरलेत. तो पोत बदललेला भाग तेवढाच होता, पसरला नव्हता. तो तिथे राहणार, बाई म्हणाल्या, आणि तुम्ही त्याच्यावर लक्ष ठेवून राहणार, कायमचं. मामांना हे चाललं. कायमचं काम त्यांना नवं नव्हतं.

ते खाली आले तेव्हा डबे उघडायची वेळ झाली होती. लिफ्ट रिकामी उभी होती, म्हणजे दिसायला रिकामी. मामा दार लावायला गेले आणि थबकले. आपल्याला बाई भेटल्या, याला कोण भेटलं? त्यांनी मान आत घातली.

"चौथ्या मजल्यावर बाई असतात," ते हळू म्हणाले. "चांगल्या आहेत. ओरडत नाहीत."

मग त्यांनी दार लावलं. खट.

बराच वेळ काही नाही. मग आतून पट्ट्याची बक्कल किणकिणली, कुणी तरी एक भोक मागे घेतल्यासारखी. आणि आतलं दार, आज न आदळता, नीट उचलून, ओढलं गेलं. खट.

दोर हलले. मामा मान वर करून मोजत राहिले. तिसरा मजला गेला. मधली भिंत आली, गेली. लिफ्ट थांबली नाही. चौथ्यावर दोन्ही दारं उघडल्याचा आवाज आला, मग डावी टाच घासत चालणारी पावलं, मग दवाखान्याची बेल.

आणि जिन्याच्या पोकळीतून डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली उतरला: "अहो मामा, आत्ता तर गेलात. आणि आवाजाला काय झालं तुमच्या? या, बसा आधी."