नवमीची पहिली गाडी

देवासच्या बस स्टँडमागे शालिग्रामभाऊ जीनगरांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक शिलाई मशीन आणि छतापर्यंत रचलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या. गावात कोणी नवी गाडी घेतली की ती आधी यांच्याकडे सीटसाठी येते आणि मग गावाला दिसते. त्यांचे पूर्वज राजघराण्याच्या थोरल्या पातीबरोबर महाराष्ट्रातून इकडे आले आणि संस्थानच्या घोड्यांची खोगिरं शिवत राहिले. पुढे घोडे गेले, संस्थानही गेलं, पण बसणाऱ्याला गादी लागतेच, त्यामुळे जीनगरांचं काही अडलं नाही. ही सगळी हकिगत शालिग्रामभाऊ कोणीही न विचारता सांगतात.

खंडेनवमीला या दुकानाचा थाट बघावा. त्या दिवशी चामडं कापायची रापी, टोचायची आरी आणि मेणदोरा पूजेला बसतात आणि शिलाई बंद असते. वर्षभरात ज्यांच्या सीटा इथे शिवल्या, ते सगळे आपापल्या गाड्या घेऊन दारात हजर होतात. शालिग्रामभाऊ एका गाडीला पहिला हार घालतात, ती पुढे लागते आणि बाकीच्या तिच्यामागून देवीच्या टेकडीकडे निघतात. गर्दीमुळे पोलीस जिथे अडवतील तिथे नारळ फोडायचा. देवी वरून बघतेच. त्या पहिल्या हारासाठी बाजारात रुसवेफुगवे होतात. गेल्या वर्षी तो बापूसाहेबांच्या कारला मिळाला होता. बापूसाहेबांचं मिठाईचं दुकान समोरच आहे, आणि ते हार मिळाल्याचं अजून सांगत असतात.

यंदाचा हार मात्र शालिग्रामभाऊंनी घरच्या गाडीसाठी राखून ठेवला होता. त्यांची मुलगी गुंजन इंदूरला एका कंपनीत नोकरीला लागली होती. बसचे धक्के खाऊन कंटाळले, आता काहीतरी स्वतःचं घेते, असं ती फोनवर म्हणाली. स्कूटर हे शालिग्रामभाऊंनी स्वतःच ठरवलं आणि मग स्वस्थ बसले नाहीत. बाजारात ज्याला त्याला सांगून झालं की नवमीला पहिला हार आमच्या गुंजनच्या स्कूटरला. त्यांनी मरून रंगाचं रेक्झिनही काढून ठेवलं.

श्राद्धपक्षाच्या आधीच गुंजननं सायकल घेतली.

"सायकल?" शालिग्रामभाऊ फोनवर म्हणाले. "अगं, सायकलवरून उतरायला आम्ही अर्धं आयुष्य घालवलं, आणि तू पुन्हा चढून बसलीस?"

"बाबा, सोच-समजून घेतली आहे. आणि सीट तुम्हीच शिवून द्यायची."

त्यांनी फोन ठेवून दिला. त्यांची बायको सुभद्राबाई ताटं मांडत होत्या. त्या म्हणाल्या, "तिच्या कमाईची आहे, तिच्या मर्जीची घेतली. तुमचं काय अडलं?"

"बाजारात तोंड दाखवायचं आहे मला," ते म्हणाले आणि जेवायला बसले. आपण गावभर ढोल वाजवला आणि पोरीनं आपली फजिती केली, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं.

पितृपक्ष सरता सरता ते सकाळच्या बसनं इंदूरला गेले. सायकल परत करायला लावायची, असा बेत होता. गुंजनच्या भाड्याच्या खोलीत शिरले तर पलंगाला टेकून सायकल उभी. राखाडी रंगाची, उंच, गिअरवाली. खाली जिन्यात ठेवली तर रात्रीतून पाय फुटतात म्हणून रोज दोन मजले खांद्यावर घेऊन चढते, असं तिनं सहज सांगितलं. दुकानदारानं आधी टोपलीवाली गुलाबी सायकल पुढे केली होती, मॅडमसाठी हीच बरी म्हणून. गुंजननं दुकानातली एकेक सायकल रस्त्यावर काढून चालवून बघितली, शेवटी दुकानदारानंच पाण्याची बाटली आणून दिली, आणि तेव्हा कुठे ही पसंत पडली. ऐकताना शालिग्रामभाऊंना हसू येत होतं, पण ते रागवायला आले होते, म्हणून त्यांनी हसू दाबलं.

"परत होते का ही?"

"बाबा, आज माझ्याबरोबर ऑफिसपर्यंत चला. मग जे बोलायचं ते बोला."

ती सायकलवर निघाली आणि हे मागून ई-रिक्षात. पहिल्याच मोठ्या चौकात सगळं अडकलं. बस, कार, लोडिंग रिक्षा, सगळे हॉर्न वाजवत जागच्या जागी. तिचं केशरी हेल्मेट दोन गाड्यांच्या मधून पुढे सरकताना दिसलं, बसच्या कडेनं गेलं आणि नाहीसं झालं. शालिग्रामभाऊ रिक्षातून अर्धे बाहेर वाकले. जिला शाळेच्या दारापर्यंत बोट धरून सोडलं ती पोरगी त्या बसच्या चाकांजवळून गेली होती. रिक्षावाला तंबाखू मळत म्हणाला, "काका, ती पोहोचली असेल. आपण इथेच दुपार काढू."

ते ऑफिसच्या काचेच्या इमारतीशी पोहोचले तेव्हा गुंजन घाम पुसून, पाणी पिऊन, झाडाखाली त्यांची वाट बघत उभी होती. तिनं पुढच्या चाकाला एक कुलूप घातलं, मागच्या चाकासकट दांडीला दुसरं घातलं. मग सीटखालची खिटी फिरवून सीट दांड्यासकट उपसली आणि बगलेत मारली.

"हे काय केलंस?"

"इथे सोडली तर संध्याकाळपर्यंत राहत नाही. मी रोज वर घेऊन जाते, टेबलाखाली ठेवते."

शालिग्रामभाऊ तिच्या बगलेतल्या सीटकडे बघत राहिले. त्यांचे आजोबा सांगायचे, चांगला स्वार घोडा तबेल्यात बांधतो, पण खोगीर पाठीवर सोडत नाही, उतरवून घरात आणतो. ज्याला खोगिराची कदर त्यालाच घोड्याची. शालिग्रामभाऊंनी हजारो सीटा शिवल्या होत्या, पण आपली सीट अशी काखेत घेऊन चालणारं माणूस त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. आज बघितलं, आणि ती त्यांची मुलगी निघाली. त्यांचा ऊर असा भरून आला की परत करायची गोष्ट तोंडातच राहिली.

"आण इकडे," ते म्हणाले. त्यांनी सीट उलटसुलट केली, अंगठ्यानं दाबली. "कोणी शिवली ही?"

"मशीननं, बाबा."

"दिसतंच आहे. कडा टोचत असेल तुला."

"सवय झाली आता."

जीनगरांच्या मुलीला सीट टोचते आणि तिला त्याची सवय होते, हे त्यांना जिव्हारी लागलं. त्यांनी रिक्षावाल्याकडून पेन मागितलं, फुटपाथवर बसून वर्तमानपत्रावर सीटचा आकार उतरवला आणि कागद घडी करून खिशात घातला. बाबा कामाला लागले की बोलायचं नसतं, एवढं गुंजनला लहानपणापासून ठाऊक होतं.

देवासला परतल्यावर मरून रेक्झिन पुन्हा माळ्यावर गेलं. त्यांनी जाड बदामी चामडं काढलं, भिजवलं, लाकडाच्या साच्यावर ताणलं आणि मशीनला हात न लावता मेणदोऱ्यानं शिवलं. गिऱ्हाइकं ओरडत राहिली, पण नवमीला रापी पूजेला बसायच्या आत ही सीट साच्यावरून उतरायला हवी होती. अष्टमीच्या दुपारी गुंजन इंदूरहून सायकल चालवत आली, धुळीनं भरलेली आणि हसरी. शालिग्रामभाऊंनी तयार सीट दांड्यावर चढवली. ती बसली, पायडल मारून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, "बाबा, काहीच टोचत नाही."

सुभद्राबाईंनी विचारलं, "सीट तर शिवलीत. उद्या हार कोणाला?"

शालिग्रामभाऊ पूजेसाठी रापी पुसायला लागले. घरात पोरीचं कौतुक करणं वेगळं आणि भर बाजारात चकचकीत गाड्यांच्या पुढे सायकल उभी करणं वेगळं. लोक हसतील, आणि ते हसणं गुंजनला ऐकावं लागेल. शिवाय खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही ते ऐकायचं नव्हतं.

नवमीच्या सकाळी दुकानापुढे गाड्यांची रांग लागली. बापूसाहेब या वर्षी नवी मोठी कार घेऊन आले होते आणि ती त्यांनी न सांगता अगदी पुढे लावली होती. गुंजन सायकल घेऊन शटरच्या बाजूला, नाल्यापाशी उभी राहिली. तिथे कोणाची अडचण होत नव्हती.

"काय शालिग्राम भिया," बापूसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "स्कूटर कुठे अटकली? पोरीला सायकलवरच निपटवलं का?"

बाजार हसला. गुंजनची मान खाली गेली. शालिग्रामभाऊंनी ती खाली गेलेली मान बघितली आणि त्यांचा सगळा संकोच पळाला. ते पूजेच्या ताटातला झेंडूचा हार उचलून नाल्याकडे चालू लागले.

"स्कूटर माझ्या डोक्यात होती, बापूसाहेब, ती तिथेच राहिली," ते म्हणाले. "सायकल हिच्या डोक्यात होती, ती हिनं आपल्या कमाईनं घेतली. इंदूरच्या त्या गर्दीत रोज चालवते. काल तिथून इथवर आपल्या पायांच्या जोरावर घेऊन आली. यंदाचा पहिला हार हिचा."

हार कारच्या मापाचा होता, त्याला हँडलभोवती दोन वेढे द्यावे लागले. त्यांनी सायकलला कुंकू लावलं, मग मुलीच्या कपाळाला लावलं. गुंजन हळूच म्हणाली, "बाबा, त्यांना आधी जाऊ द्या. मी हळू चालते, सगळे अटकतील मागे."

"अटकू देत. घाई कोणाला आहे?"

बापूसाहेबांनी कार मागे घेतली. ती घेताना त्यांना बरंच पुढेमागे करावं लागलं. मग त्यांनी नेहमीप्रमाणे शेजारचं दार उघडून शालिग्रामभाऊंना बोलावलं, कारण दर नवमीला ते कोणाच्या तरी गाडीत बसूनच टेकडीला जात. शालिग्रामभाऊंनी हात जोडले आणि दार बाहेरूनच लावलं.

रांग निघाली. सगळ्यांत पुढे गुंजनची सायकल, मागे पहिल्या गिअरमध्ये गुरगुरणारी बापूसाहेबांची कार आणि तिच्यामागे अख्खा बाजार. शालिग्रामभाऊ सायकलीच्या बरोबरीनं पायी चालले होते आणि त्यांचा एक हात सीटच्या मागे होता. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन बघत होते.

"बाबा, धरू नका ना," गुंजन ओठातल्या ओठात म्हणाली. "मला येते चालवता."

"येते ते माहीत आहे," शालिग्रामभाऊ म्हणाले. "कोणाची मुलगी आहेस ते लोकांना कळायला नको?"