तपासनिसांनी खेळ आणला

विमा कंपनीत दावे तपासणाऱ्या तपासनिसांची एका गोष्टीबद्दल पक्की खात्री होती: आपल्यासमोर बसून कोणी खोटं बोलू शकत नाही. दुकान जळालं, गाडी ठोकली, पाणी शिरलं म्हणून भरपाई मागायला कोणी आलं, की ते पेन्सिल खाली ठेवत, चष्मा नाकावर जरा खाली ओढत आणि नुसते बघत राहत. समोरचा चुळबुळ करायला लागे. खरं बोलणाराही करी, पण तेवढ्या खोलात तपासनीस शिरत नसत.

असा हा माणूस दर शनिवारी संध्याकाळी स्वतःच्याच घरी, स्वतःच्याच जेवणाच्या टेबलावर सपाटून मार खात होता.

त्याचं असं झालं. त्यांचा शाळेपासूनचा मित्र, चष्म्याचं दुकान चालवणारा, एकदा मेंढ्या पाळण्याचा खेळ घेऊन आला. पोराटोरांचा नव्हे, चांगला मोठ्यांचा. हा एवढा थोरला खोका, आत लाकडी मेंढ्या, इवलीइवली कुंपणं आणि नियमांचं जाडजूड पुस्तक. चष्मेवाल्याबरोबर त्याची थोरली बहीण आली होती. बालवाडीत शिकवून निवृत्त होत आलेल्या या ताईंच्या हाताखालून तपासनिसांची मुलगीही गेली होती. चौथी तपासनिसांची बायको, लहान मुलांच्या दवाखान्यातली परिचारिका. चौघं बसले, रमले, आणि शनिवारचा पायंडाच पडला. मेंढ्या झाल्या, मग आगगाड्या झाल्या, मग बागा झाल्या. तपासनिसांच्या मेंढ्या उपाशी मेल्या. त्यांची आगगाडी कोणालाच जायचं नव्हतं अशा गावी जाऊन थांबली. बागेत तर त्यांनी सगळी झाडं सावलीत लावली.

पहिल्यांदा ते म्हणाले, फासे वाईट पडले. पुढच्या खेळात फासेच नव्हते, तेव्हा दिवा डोळ्यांवर येत होता.

"अहो, खेळच तो," बायको म्हणाली. "चार माणसं हसतखेळत बसतात, हे काय थोडं झालं?"

"मी तरी दुसरं काय म्हणतोय?" तपासनीस म्हणाले, आणि सकाळी दाढी करताना हरलेला डाव मनातल्या मनात पुन्हा खेळून जिंकले.

शेवटी एका शनिवारी खोका आवरताना त्यांनी जाहीर केलं, "पुढचा खेळ मी आणणार. सगळ्यांना मजा येईल असा."

सगळ्यांना म्हणजे कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग सुरू झाला अभ्यास. जेवणाच्या सुट्टीत ते फोनवर लोकांचे अभिप्राय वाचू लागले. जगात इतकी माणसं इतक्या पोटतिडकीने खोक्यांबद्दल भांडतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एकाने लिहिलं होतं, या खेळामुळे माझं सख्ख्या भावाशी बोलणं तुटलं. आणि खाली पाचपैकी पाच तारे दिले होते. दुसरा एक दाढीवाला खोका उघडून आधी त्याचा वास घेई, डोळे मिटे, आणि मग बराच वेळ फक्त पुठ्ठ्याच्या जाडीबद्दल बोले. तपासनिसांनी त्याचे सगळे व्हिडिओ पाहिले. त्यांच्या तोंडी नवी भाषा आली. "हा जरा हलका वाटतो," एकदा ते नाश्त्याच्या वेळी म्हणाले. बायकोला वाटलं, पावाबद्दल बोलताहेत. तिने पुढचा पाव जाड कापला.

अन् एके दिवशी त्यांना हवं ते सापडलं. थापा मारायचे खेळ! एकाने थाप मारायची, बाकीच्यांनी ती पकडायची; फासे नाहीत, मेंढ्या नाहीत, नशीब नाही. आपण पोटापाण्यासाठी जे करतो तेच करून संध्याकाळी जिंकायचं. तपासनीस कचेरीत एकटेच खुदकन हसले. समोर दावा घेऊन बसलेल्या गृहस्थांनी घाबरून अर्ज मागे घेतला.

दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. आत जमिनीपासून छतापर्यंत खोकेच खोके, आणि त्यांच्या मधोमध उंच स्टुलावर दुकानाची मालकीण, साखळीला अडकवलेला चष्मा छातीवर लोंबत असलेली.

"किती जण खेळता? आणि कोण कोण?" तिने विचारलं.

"चौघं. घरचीच माणसं. मी तसा जुना खेळाडू आहे," तपासनीस म्हणाले. "खरं सांगायचं तर, सगळ्यांना मजा यावी एवढंच बघायचंय."

मालकिणीने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि एक निळा खोका काढला. "मग हा न्या. चौघं मिळून दीपगृह सांभाळतात. जिंकले तर सगळेच जिंकतात."

"सगळेच? मग हरतं कोण?"

"वादळ."

तपासनिसांनी तो खोका दोन बोटांनी मागे सारला. वादळाला हरवून त्यांना काय करायचं होतं? वादळ काही तोंड पाडून घरी जात नाही. "थापा मारायचं काही आहे का?" त्यांनी इकडेतिकडे बघत, जणू दुसऱ्याच कोणासाठी विचारावं तसं विचारलं.

"असं होय!" मालकीण स्टुलावरून उतरली. तिने काढलेल्या खेळाचं नाव होतं 'नजराणा'. प्रत्येकाला एक छोटी लाकडी पेटी. पेटीत आपल्या वाट्याला आलेली सोंगटी गुपचूप ठेवायची, मोती नाहीतर खडा, आणि पेटी पटावरच्या राजापुढे सरकवायची. आत काहीही असो, तोंडाने 'मोती'च म्हणायचं. कोणाला शंका आली तर त्याने 'उघडा' म्हणावं. आत खडा निघाला तर थाप मारणाऱ्याला सोंगट्यांचा दंड, मोती निघाला तर शंकेखोराला.

"एक डाव बघायचाय?" असं म्हणत तिने पेटी सरकवली. "मोती," ती म्हणाली, आणि पापण्या फडफडवत छताकडे पाहू लागली.

"उघडा!"

खडा. पुढच्या वेळी 'मोती' म्हणताना तिला खोकला आला. पुन्हा खडा. तिसऱ्यांदा तर तिने जीभच चावली.

"अगंबाई!" ती कपाळाला हात लावून म्हणाली. "इतकी वर्षं दुकान चालवतेय, पण असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. पोलिसात आहात का हो?"

"छे छे, विम्यात," तपासनीस विनयाने म्हणाले. मग त्यांनी साधी आवृत्ती न घेता मखमली अस्तराच्या पेट्यांची घेतली, सोंगट्यांना वेगळी थैली घेतली, आणखी दोन खेळाडूंसाठी जोडखोका घेतला. ते दोन खेळाडू कोण, हा प्रश्न त्यांना घरी पोचल्यावर पडला.

"सहज त्या बाजूला गेलो होतो," त्यांनी बायकोला सांगितलं.

"असं का?" बायको म्हणाली. आठवडाभर झोपेत 'उघडा, उघडा' ओरडणाऱ्या नवऱ्याला ती याहून जास्त काय विचारणार!

शनिवारी चौघं बसले. नियम तपासनिसांनी उभं राहून, कचेरीत नवशिक्यांना शिकवतात तसे समजावले. खोटं बोलणारा माणूस नाकाला हात लावतो, पाणी मागतो, नजर चुकवतो, हे मात्र स्वतःशीच ठेवलं.

पहिली पेटी ताईंनी सरकवली. "मोती हो," त्या म्हणाल्या आणि नाक खाजवलं.

"उघडा!" तपासनीस गरजले.

मोती. ताईंना सर्दी झाली होती.

चष्मेवाल्याने पेटी सरकवताना पाणी मागितलं. उघडली; मोती. त्याला तहान लागली होती. मग बायकोने पेटी पुढे केली, नवऱ्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि मऊ, गोड आवाजात म्हणाली, "मोती." पंचवीस वर्षांचा संसार, या आवाजात काळंबेरं असणं शक्यच नव्हतं. तपासनिसांनी मान डोलावली. ताईंनी सहज 'उघडा' म्हटलं. खडा!

"बाई गं, कसला तो चेहरा!" ताई खूश होऊन म्हणाल्या.

"सुई टोचताना 'अज्जिबात दुखणार नाही हं' म्हणायची सवय, दुसरं काय," बायको लाजून म्हणाली.

"माझंही तेच," चष्मेवाला म्हणाला. "दुकानात कोणी कुठलीही फ्रेम नाकावर ठेवली, की 'वा, चेहरा खुलला' म्हणावंच लागतं. नाहीतर संध्याकाळपर्यंत आरशासमोरून हलत नाहीत."

"आणि पालकांना मी काय सांगते?" ताई म्हणाल्या. "प्रत्येक मूल चुणचुणीतच असतं."

तिघं हसून हसून लोटपोट झाली. तपासनिसांचा हात नकळत स्वतःच्या चष्म्याकडे गेला. ही फ्रेम त्यांना मित्रानेच निवडून दिली होती. आणि 'चुणचुणीत' हा शब्द मुलीच्या प्रगतिपुस्तकावर ताईंच्या अक्षरात लिहिलेला होता. तो त्यांनी सगळ्या नातेवाइकांना वाचून दाखवला होता.

त्यांची पाळी आली. आत खडा होता. "खरं सांगायचं तर," ते म्हणाले, "मोती."

"उघडा!" तिघं एका सुरात ओरडली.

पुन्हा पाळी, पुन्हा तेच. "तुम्हाला कळतं तरी कसं?" त्यांनी वैतागून विचारलं.

"अरे, थाप मारायच्या आधी तू 'खरं सांगायचं तर' म्हणतोस," चष्मेवाला म्हणाला. "शाळेत असल्यापासून. सगळ्या वर्गाला माहीत होतं."

तपासनीस शेवटचे आले. दंड भरून भरून त्यांच्याकडच्या सोंगट्या संपल्या, तेव्हा बायकोने आपल्यातल्या थोड्या त्यांच्यापुढे सरकवल्या. नियमात ते बसत नव्हतं, पण कोणी हरकत घेतली नाही. तेच त्यांना फार लागलं.

पुढचा आठवडा वाईट गेला. दर वर्षी कचेरीच्या स्नेहसंमेलनात ते माउथऑर्गन वाजवत. त्या टाळ्यांचाही आता त्यांना संशय येऊ लागला. एका दुपारी एक बेकरीवाला समोर येऊन बसला. त्याची भट्टी फुटली होती. बोलताना तो हातातली टोपी पिळत होता, नजर चुकवत होता, दोनदा पाणी प्यायला. एरवी अशा माणसाच्या कागदावर तपासनिसांनी डोळे मिटून फुली मारली असती. आज पेन्सिल वरच्या वर थांबली. चुळबुळ करणारा खोटंच बोलत असतो असं नाही. हे तर त्यांनी स्वतःच्याच घरात पाहिलं होतं. मग आजवर फुल्या पडल्या त्या कोणावर? आणि शांतपणे, डोळ्यांत डोळे घालून ज्यांनी रकमा नेल्या, ते कोण होते?  ते उठले, बेकरीवाल्याबरोबर जाऊन भट्टी स्वतः पाहून आले. फुटलेलीच होती. नोकरीला लागल्यापासून ते पहिल्यांदाच माणसाकडे न बघता वस्तूकडे बघायला गेले होते.

"हल्ली काम फार छान करता हं," वरिष्ठ म्हणाले. तपासनिसांनी त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं. काही कळलं नाही.

शुक्रवारी बायको कपडे घड्या करत होती, तेव्हा त्यांनी विचारलं, "मला आजवर तू काय काय खोटं सांगितलंस?"

तिने हातातला सदरा खाली ठेवला. "सगळं सांगू? सुरुवातीपासून? बसा मग."

ते बसले. तिने घसा साफ केला. तिचा चेहरा इतका स्वच्छ, इतका प्रामाणिक होता की तपासनीस लगेच उठून उभे राहिले.

"राहू दे," ते घाईने म्हणाले. "दे, मी घड्या करू लागतो."

"उद्या दुसरा खेळ आणायचा का? ते दुकानात पाहिलेल्या दीपगृहाचं काय म्हणत होतात?"

"नको. त्या दोघांना हाच आवडलाय."

शनिवारी त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, कोणालाही 'उघडा' म्हटलं नाही. कोणी काहीही म्हणो, ते मान डोलावत आणि "असेल बुवा" म्हणत. दुसरी त्यांना खेळता खेळता सुचली. आपली सोंगटी त्यांनी पालथीच उचलली, न बघता पेटीत टाकली, झाकण लावलं आणि पेटी सरकवली. "मोती," ते म्हणाले.

तिघं त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली. तोंडावर काहीच नव्हतं, कारण आत काय आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"हा आज असा का दिसतोय?" चष्मेवाला हळूच ताईंना म्हणाला.

"उघडा," तो शेवटी म्हणाला. मोती निघाला. पुढच्या फेरीला त्याने पुन्हा उघडायला लावली, पुन्हा मोती. चष्मेवाला चिडला, आणि चिडला तसा प्रत्येकाची पेटी उघडायला लावू लागला, अन् दंड भरता भरता त्याचं दिवाळं निघालं. ताई जिंकल्या, बायको दुसरी आली. तपासनीस तिसरे आले.

तिसरे! चौघांत तिसरा म्हणजे त्याच्या मागे एक जिवंत माणूस असतो. तपासनीस खुर्चीवरून उठले ते जवळजवळ तरंगतच. "बसा, कोणी उठायचं नाही. आज कॉफी मी करणार," असं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. पातेलं गॅसवर ठेवून त्यांनी सगळा डाव आठवला, पेटी सरकवताना आपण कसे दिसलो असू ते खिडकीच्या काचेत करून पाहिलं, आणि मग कप भरून बाहेर आणले.

"वा! फक्कड झालीय," चष्मेवाला म्हणाला. हरल्याचा राग विसरून त्याने मोठा घोट घेतला.

"दर शनिवारी तुम्हीच करा," ताई म्हणाल्या.

 बायकोने डोळे मिटून समाधानाने मान हलवली.

तपासनिसांनी आपला कप तोंडाला लावला. दूध पार करपलं होतं. साखर घालायची राहिली होती, आणि तळाला काहीतरी काळं फिरत होतं. त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिन्ही चेहरे तृप्त होते, आणि तिन्ही कप हळूहळू तळापर्यंत रिकामे होत होते.

"अजून आहे थोडी," ते तिघांकडे बघत हसून म्हणाले.

"द्या ना," बायको म्हणाली आणि कप पुढे केला.