काचेतलं पाणी

...पाणी हलत नव्हतं. पितळी चौकटीतली बोटभर जाडीची काचेची नळी, तिच्यात निम्म्यावर आलेलं पाणी, आणि त्या पाण्याची वरची कड – इंजिन रुळांच्या सांध्यांवरून खडखडत चाललं होतं, पायाखालचा पत्रा थरथरत होता, खुंटीला अडकवलेल्या किटलीचं झाकण सारखं वाजत होतं, आणि ती कड मात्र पट्टीनं आखल्यासारखी. तिनं डोळे मिटले, उघडले. पाणी तिथंच. काचेत दिसतं ते बॉयलरमधलंच पाणी, चालत्या इंजिनात ते सारखं लवलवायला हवं, लवलवतं म्हणूनच त्याच्यावर भरवसा ठेवायचा... हे कुणी शिकवलं आपल्याला? यांनीच. आणखी कोण शिकवणार!

हे म्हणजे तिचा नवरा, इंजिनाचा फायरमन, तिच्यापासून दीड हातावर भट्टीच्या दाराशी लाकडी खोक्यावर बसलेला. मांडीवर फावडं आडवं. फाटक आलं तसा तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "अर्धं."

"अर्धं," ती म्हणाली.

म्हणून गेली, आणि मग तिनं परत काचेकडे पाहिलं.

पार्कातली ही वाफेची गाडी सुरू झाली तेव्हापासूनचा रिवाज होता. दर फेरीला फाटकापाशी फायरमननं काचेकडे बघून पाणी किती ते मोठ्यानं सांगायचं, ड्रायव्हरनं स्वतः बघून तेच परत म्हणायचं. चार डोळ्यांनी पाहिलेलं पाणी चुकत नाही, असं तो ड्रायव्हर होता त्या बावीस वर्षांत सगळ्यांना ऐकवायचा. चार डोळे! त्यातले दोन गेलेले होते, हे तिला एकटीला ठाऊक होतं. राहिलेले दोन तिचे. सुरुवातीला ती डोळ्यांत तेल घालून बघायची, त्याच्या वाट्याचंही आपणच बघतोय या धास्तीनं दोनदा दोनदा बघायची. आणि मग... मग काय झालं? काल पाहिलं होतं का? परवा? आठवायला गेलं तर काच आठवेना, नुसता आवाज आठवे – त्याचं अर्धं, त्यावर आपलं अर्धं. एवढ्या ठामपणे सांगणाऱ्या माणसापुढं परत काय बघायचं! म्हणजे किती दिवस, किती फेऱ्या, या इंजिनावर पाणी कुणीच पाहिलेलं नाही.

फाटक मागे गेलं. फाटकाशी प्लास्टरचा झेंडेवाला उभा असतो, पुरुषभर उंच; दरवर्षी त्याला रंग देतात, आणि यंदा रंगाऱ्यानं त्याची बुबुळं जरा बाजूला काढली आहेत, त्यामुळं तो गाडीकडे बघतोय असं वाटतं पण बघत असतो गाडीच्या शेजारी. धुक्यातून तो एकदम पुढं येई आणि एकदम नाहीसा होई. आज सकाळपासून धुकं हटलंच नव्हतं. तळं नव्हतं, पाळणे नव्हते, मोठं चक्र नव्हतं. फक्त कुठून तरी वरून कुणी किंचाळल्याचा आवाज येई, आणि मग दुसरीकडून हसल्याचा.

काच मरते, असं तो शिकवताना म्हणायचा. पाण्यातला क्षार साठून तिच्याकडे येणाऱ्या वाटा बुजतात आणि तिच्यात जुनंच पाणी कोंडून राहतं. बॉयलर आतून आटत चाललेला असतो आणि ही बया आपली अर्धं दाखवत उभी! पाणी उतरून भट्टीवरचा पत्रा उघडा पडला की तो तापून लाल होतो, मऊ पडतो... "आणि मग?" तिनं विचारलं होतं. "मग विचारायला कुणी उरत नाही," तो म्हणाला होता आणि मोठ्यानं हसला होता. तेव्हा त्याला तिचा चेहरा दिसत होता. मागे आठ डबे होते. गर्दी बेताची, तरी चाळीसेक माणसं, त्यात निम्मी पोरं.

खात्री करायला फार काही लागत नाही. काचेखाली एक छोटी तोटी असते. ती उघडली की काचेतलं पाणी फसकन बाहेर उडतं, बंद केली की बॉयलरमधलं खरं पाणी उसळी मारून वर येतं. आलं तर आलं. नाहीच आलं तर भट्टीतला विस्तव ओढून काढायचा आणि माणसं उतरवायची. एवढंच तर काम. हात लांब केला की तोटी.

पण एकानं पाणी सांगितल्यावर दुसऱ्यानं तोटी उघडायची नसते. कुठं लिहिलेलं नाही, तरी नसते. पूर्वी एका फायरमननं त्याच्या देखत उघडली होती, तर पंधरा दिवस तो त्या माणसाशी शब्द बोलला नव्हता. तोटी उघडणं म्हणजे तोंडावर सांगणं, तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. आणि तिनं, तिनं हे सांगायचं? दोन वर्षं जे घरात कुणी उच्चारलं नाही ते त्या फसकन होणाऱ्या आवाजानं सांगून टाकायचं?

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यानं जाहीर केलं होतं, "माझे गुडघे कामातून गेले. तू चालव, मी कोळसा टाकतो." साहेबांना कौतुक वाटलं. बारा वर्षं शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून झेंडी हलवणारी बाई आता ड्रायव्हर! फोटोबिटो काढले. गुडघे दुखणारा माणूस दिवसभर फावडं कसं मारणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, तिच्याही आलं नाही... आलं होतं. उगाच खोटं कशाला बोलू? आलं होतं, आणि मी गप्प बसले, कारण मला चालवायची होती.

मग एकदा पहाटे पाणी प्यायला उठली तर न्हाणीघरात तो आरशासमोर उभा राहून दाढी करत होता. दिवा न लावता. अंधारात वस्तरा गालावरून खरखर फिरत होता, हनुवटीशी वळत होता, कुठं थांबत नव्हता. ती दारात उभी राहिली. तो आरशातून तिच्याकडे बघून – तिच्या जरा शेजारी बघून – म्हणाला, "काय गं, झोप नाही आली?" तिनं काही न बोलता हात वर करून हलवला. तो हसला नाही, चिडला नाही, काहीच नाही. वस्तरा खरखरत राहिला. त्या दिवसापासून ती त्याच्या काड्यापेटीची जागा बदलत नाही, खुर्ची सरकवत नाही, बुटांचा जोड वेडावाकडा ठेवत नाही. इंजिनावरून उतरवला तर हा माणूस चार महिने काढणार नाही, एवढं तिला पक्कं माहीत होतं. त्याला नुसतं शेडमागच्या दोन खोल्यांत बसवायचं, आणि बाहेर दर वीस मिनिटांनी शिट्टी... नाही, शक्यच नाही.

स्टेशन आलं. तिनं गाडी उभी केली. माणसं उतरली, माणसं चढली. गार्ड फलाटावरून टाचा वाजवत पुढं आला, त्याला सवयच होती दर थांब्याला चार शब्द टाकून जायची. "काका, उतरा की जरा खाली! अंड्यावर बसल्यासारखे बसून असता दिवसभर."

"मी उतरलो की मावशी रुसते," तो म्हणाला. मावशी म्हणजे इंजिन. गार्ड हसला. कितीक महिने तो मधेच कधी उतरलेला नव्हता. सकाळी सगळ्यांच्या आधी चढायचा आणि सगळे गेल्यावर दांडी चाचपत उतरायचा.

गार्ड मागे गेल्यावर, नवरा दोन मिनिटं खाली उतरला तर तोटी उघडता येईल म्हणून ती म्हणाली, "अहो, जरा मागं जाऊन बघता का? कडी वाजतेय कुठली तरी."

"कडी नाही. तिसऱ्या डब्याचं चाक आहे, सकाळपासून." मग जरा थांबून, "तुला काय झालंय? मघापासून पाय हलवतेयस सारखी."

तिनं पाय थांबवले. बुटांच्या आत बोटंसुद्धा आवळून धरली. धुक्यातून गार्डची शिट्टी आली. अजूनही वेळ होता. साहेबांना बोलवायचं, इंजिन बिघडलंय म्हणायचं, मग कारागीर येतील, काच सोडवतील, क्षार निघेल, विचारतील – रोज सकाळी काच कोण तपासतं? फायरमन. मग कसं दिसलं नाही तुम्हाला? काका, इकडं बघा बरं... किती बोटं? ती डोळ्यांसमोर सगळं बघत होती, आणि तिचा हात वाफेच्या दांड्यावर होता, आणि दांडा ओढला गेला. दांडा असा आपोआप ओढला जातो होय! मी ओढला. चाळीस माणसं मागे बसवून, काच मेलीय हे ठाऊक असताना, मी ओढला.

मावशी फुसफुसत निघाली. धुक्यात फक्त रुळांचा हातभर तुकडा दिसत होता आणि तेवढाच तुकडा पुढं पुढं सरकत होता. ती काचेकडे बघत नव्हती. बघितलं तरी काच काय सांगणार! त्यापेक्षा बॉयलरकडे बघावं... काळा, गोल, गप्प. आत काय आहे? दोन बोटं जाडीच्या पत्र्याआड काय आहे ते कुणालाच कळत नाही. बावीस वर्षं त्यालाही कळत नव्हतं, नळीतल्या घोटभर पाण्यावर विश्वास टाकून तो हजारो पोरांना फिरवत राहिला. कदाचित पहिल्यापासून तो ऐकूनच चालवत असेल. कदाचित डोळे कधी लागलेच नसतील त्याला.

त्याचा हात इंजेक्टरकडे गेला. टाकीतलं गार पाणी बॉयलरमध्ये ढकलणारा इंजेक्टर. पत्रा जर लाल झालेला असेल आणि त्यावर गार पाणी पडलं –

"थांबा!"

हात तसाच हवेत थांबला. "का?"

"बोगदा येऊ दे. मग भरा."

"बरं," तो म्हणाला. इतक्या मुकाट्यानं म्हणाला की तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या ड्रायव्हरला ‘थांबा’ म्हटलं, तर त्यानं चार गोष्टी ऐकवायला नकोत? त्यानं हात मांडीवर घेतला आणि मान जराशी कलती केली, ऐकण्यासारखी.

बोगदा! शिट्टी बोगद्यात लांब वाजवायचीच असते, पोरांना तेच हवं असतं. शिट्टीखाली तोटीचा आवाज झाकून जाईल. हे आधी का सुचलं नाही? साठ पावलांचा बोगदा, आत टांगलेली कापडी वटवाघळं, हिरवा दिवा कधीचा गेलेला. बोगद्याचं तोंड धुक्यातून आलं आणि त्यांना गिळून पुढं सरकलं. काळोख. मागे पोरांनी ठरल्यासारख्या किंकाळ्या फोडल्या. तिनं डाव्या हातानं शिट्टीची साखळी ओढली, उजव्या हातानं तोटी चाचपली – पहिल्या झटक्याला सापडली नाही, पाइपाचा चटका बसला, मग सापडली – आणि उघडली.

फसकन वाफ उडाली, मनगट भाजलं. भट्टीच्या दाराच्या फटीतून तांबडा उजेड येत होता, तेवढ्यात काच दिसली. रिकामी. तिनं तोटी बंद केली. काच रिकामीच. एक क्षण. दुसरा. वर काही येईना.

आणि तिच्या छातीवरचं काहीतरी उठून गेलं.

सुटलो, असं वाटलं. किती हलकं वाटलं! आता विस्तव काढायचा, माणसं उतरवायची, साहेब येणार, सगळं बाहेर पडणार, आपण काही न सांगता बाहेर पडणार, आणि उद्या सकाळी काड्यापेटी कुठंही ठेवता येईल. मागे पोरं किंचाळत होती. ती त्यांना विसरली होती. लाल पत्रा विसरली होती. ती फक्त त्या रिकाम्या काचेकडे, येऊ नकोस, येऊ नकोस म्हणत –

पाणी आलं. खालून उसळलं, वर गेलं, खाली आलं, निम्म्यावर थांबलं आणि तिथं लवलवत राहिलं, जिवंत. अगदी निम्म्यावर. तो मेलेल्या काचेसमोर बसून, न बघता, नुसत्या कानावर इतके दिवस पाणी बरोबर राखत आला होता.

तिला रडू आलं. आनंदाचं असेल असं तिनं म्हणून पाहिलं. नव्हतं. हातात आलेलं कुणी हिसकावून न्यावं तसं ते रडू होतं, आणि ते कशासाठी येतंय हे तिला कळलं. इंजिनावर भ्यायचं कुणाला, हे आपण दोन वर्षं चुकीच्या बाजूला शोधत होतो.

मग तिच्या लक्षात आलं की शिट्टी वाजत नाहीये. साखळी हातातून केव्हाच सुटली होती. तोटी उघडली तेव्हाच बहुधा. म्हणजे त्यानं सगळं ऐकलं होतं.

"कितीय?" काळोखातून त्यानं विचारलं.

आवाजात राग नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा तो तिला काही दिसतंय का म्हणून विचारत होता. त्याचा चेहरा तांबड्या उजेडात अर्धा दिसत होता, तिच्या खांद्याच्या जरा पलीकडे वळलेला, आणि ती जे म्हणेल ते तो खरं धरणार होता. भरलंय म्हटलं तर भरलेलं. काहीच नाही म्हटलं तर काहीच नाही. तो स्वतःच्या हातानं विस्तव ओढील, उतरेल, आणि परत कधी चढणार नाही. तेवढा एक शब्द. कुणी पडताळून बघणारं नव्हतं.

बोगद्याच्या दुसऱ्या टोकाशी पांढुरकं धुकं दिसायला लागलं होतं. तो वाट बघत होता. तिनं ओठ उघडले आणि तसेच राहू दिले, आणि तिला नवल वाटलं की आपल्याला काहीच घाई वाटत नाहीये.