बिट्टीच्या शब्दांचा कागद

“नाव काढून टाका हिचं,” बिट्टीचा रंगारी बाप दारातूनच म्हणाला. “उद्यापासून आत्याकडे राहील.”

बालवाडीच्या बाईंनी हजेरीपटातून डोकं वर काढेपर्यंत मदतनीस मावशी ओल्या हातांनी पुढे आल्याही होत्या. त्यांचं काम झाडलोट करायची, नाकं पुसायची आणि खाऊ वाढायचा, एवढंच. पण मध्ये बोलायचं असलं की मावशी हुद्दाबिद्दा गुंडाळून ठेवत.

“आत्याकडे कशाला? इथे काय बिघडलं?”

“चार वर्षांची पोर, मावशी! आपण बोलू तेच परत बोलते. आणि मी कामावरून दमून घरी आलो की…” रंगाऱ्याने कोपऱ्याकडे बोट केलं. “दारात पाऊल ठेवलं की म्हणते, ‘चप्पल घाल.’ रोज. बापाला घराबाहेर काढते हो!”

बिट्टी कोपऱ्यात बादलीची कडी वरखाली करत बसली होती. आपल्याबद्दल काय चाललंय, याचं तिला सोयरसुतक नव्हतं.

मावशींनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद काढला. बिट्टी स्वमग्न आहे, असं महिन्यातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञ ताईंनी सांगितलं, तेव्हाच बजावलं होतं, की ती काय बोलते यापेक्षा कधी बोलते ते टिपून ठेवा. पस्तीस मुलांच्या गोंधळात बाईंना ते जमेना. मावशींनी जमवलं. अक्षर मुंग्या चालल्यासारखं, पण एक दिवस चुकवला असेल तर शपथ!

“हे बघा. ‘हात धू’ म्हणाली की भूक लागलेली असते, कारण खायच्या आधी आपण तेच म्हणतो. ‘झालं, झालं’ म्हणजे कुठेतरी दुखतंय, लागल्यावर आपण तसंच चुचकारतो ना. मग आम्ही तिथल्या तिथे तिला नीट शब्द देतो. परवा ‘भूक’ म्हणाली, अगदी स्पष्ट. आता सांगा, तुमच्या घरात ‘चप्पल घाल’ कोण म्हणतं?”

“मीच. सुट्टीच्या दिवशी. सायकलवर चक्कर मारायला नेतो तिला, तेव्हा…”

बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगलं. तो मटकन खाली बसला आणि रंगाने माखलेल्या हातांत तोंड लपवून रडला. बाई उगाचच हजेरीपटाची पानं चाळत राहिल्या.

“रोज तुमची वाट बघते ती,” मावशी म्हणाल्या. “आता ती तसं म्हणाली की तुम्ही तिला नीट शब्द द्यायचे, ‘बाबा, चल.’ आणि लगेच न्यायचं, कितीही दमला असलात तरी. हे वय हातचं गेलं तर पुढे फार जड जाईल हो.”

नाव काढायचं राहूनच गेलं. जरा सावरल्यावर रंगाऱ्याने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात आईसाठी शब्द होता, बाईंसाठी होता, नळासाठीसुद्धा होता.

“आणि तुम्हाला काय म्हणते?”

“मला?” मावशी हसल्या, पण जराशा उशिरानेच. “मला काही नाही म्हणत. हाक मारायची वेळच कुठे येते तिच्यावर, मी आधीच हजर असते!”

आणि त्या राहिलेली फरशी पुसायला वळल्या.